स्मशानाच्या वाटेवर जप्त झालेल्या कोंबडीबाबत

प्रति,
मा. सहायक पोलीस अधीक्षक (प्रशिक्षणार्थी),
वेण्णार काठ वाहतूक पोलीस ठाणे,
तंजावर.

अर्जदार : श्री. वेंकटराव, वय ६८, वीज खात्यातून निवृत्त, राहणार मेल वीदी, तंजावर. सभासद, कावेरी काठ सायकल मंडळी.

विषय : कै. हवालदार अमरसिंहराव यांच्या अंत्ययात्रेतून ताब्यात घेतलेली एक (१) लाल कोंबडी येत्या गुरुवारी सकाळी परत मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या ठाण्याची दि. ७ फेब्रुवारी २०२६ ची जप्ती पावती. बाब एक, कोंबडी, जिवंत. बाब दोन, सायकल, हिरवी, कॅरियरसह.

महोदया,

१. सदरहू अर्ज अर्जदारांचा आहे, अक्षर मात्र त्यांच्या पत्नीचे आहे. अर्जदारांना मराठी बोलता येते, मराठीत रागावता त्याहून चांगले येते, पण वाचता येत नाही. शाळा तमिळमध्ये झाली, नोकरी इंग्रजीत झाली, आणि देवनागरी अक्षरे त्यांना दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात. पत्नीने लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या. पुढे नऊ वर्षे तिने जुन्या मराठी कागदांच्या नकला करून देण्याचे काम केले, त्यामुळे 'सदरहू' आणि 'सबब' तिच्या हाताला वळण पडल्यासारखे येतात. नवऱ्याचे नाव घेण्याची पद्धत तिच्या घरी नाही. त्या दृष्टीने 'अर्जदार' हा शब्द फार सोयीचा निघाला. लग्नाच्या वेळीच कळला असता तर एक्केचाळीस वर्षे 'अहो, ऐकलंत का' करत घरभर हिंडावे लागले नसते.

२. अर्ज तमिळमध्ये का नाही, असे आपण विचाराल. ठाण्यातली लिखापढी करणारे रायटर मुरली यांनीही तेच सुचवले होते. परंतु तमिळमध्ये लिहिलेला अर्ज प्रथम रायटर मुरली वाचतील, मग त्यांच्या घरी वाचला जाईल, आणि दुसऱ्या दिवशी फुलवालीच्या टोपलीपाशी मेल वीदीतल्या सगळ्या बायकांना तो तोंडपाठ असेल. यात काही मजकूर खाजगी आहे. ठाण्यात मराठी वाचणाऱ्या आपण एकट्या. आपण मराठी आहात हे आम्हा लोकांना कसे कळले, ते खाली कलम ५ मध्ये येईलच.

३. मयताविषयी. कै. अमरसिंहराव, वय ७६, हे सैन्यातले हवालदार, एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे होते. टेलिफोनची तार तुटली की सायकलवरून चिठ्ठ्या पोचवणे हे त्यांचे काम. लिहिणारीने ही हकीगत प्रथम ऐकली तेव्हा गोळी एकच होती व ती मागच्या चाकाला लागली होती. गेल्या वर्षापर्यंत गोळ्या सात झाल्या होत्या, त्यातली एक पुढच्या दिव्यात शिरली होती, आणि शत्रूचा एक मेजर त्यांची सायकल चालवण्याची ऐट पाहून सलाम ठोकून मागे फिरला होता. लढाई संपून पन्नासाहून जास्त वर्षे झाली तरी गोळीबार दरसाल वाढतच होता. पदक मात्र खरे होते. डाव्या पोटरीतला खड्डाही खरा होता, आणि तो ते कोणाला दाखवत नसत. सायकल मंडळी त्यांनीच काढली. सभासद एकोणीस, सर्वांत लहान हरिणी, वय तेवीस, सर्वांत थोरले ते स्वतः. दर रविवारी तिरुवैयारुपर्यंत जायचे, तिथे अशोका हलवा खायचा, आणि जाताना जेवढे वजन उतरले तेवढे येताना परत घेऊन यायचे, हा मंडळीचा नियम. अर्जदार आणि मयत बावीस वर्षे शेजारी शेजारी सायकल चालवत होते व बावीस वर्षे एकच भांडण भांडत होते, की पुढचा ब्रेक आधी दाबावा की मागचा. मयतांनी सर्वांना बजावून ठेवले होते, की मी गेल्यावर गाडीमागून रडत चालत येऊ नका, सायकली काढा.

४. शनिवार, दि. ७ रोजी सकाळी सहाच्या सुमारास मागच्या चाकात हवा भरता भरता ते गेले. चाक पूर्ण भरलेले होते. हवालदाराला सरकारी मानवंदना नसते, बिगूल नसतो, बंदुका नसतात. सबब मंडळींनी ठरवले, की सायकलच्या एकवीस घंट्या वाजवायच्या. चालवणारे अठराच, म्हणून तिघांनी दोनदा वाजवायच्या. मयताची रिकामी सायकल हरिणीने एका हाताने धरून सोबत न्यायची. सर्व ठरले. परवानगी तेवढी कोणाला सुचली नाही. हा दोष मंडळीचा आहे व तो अर्जदारांना कबूल आहे.
     पण दिवस शनिवार होता. शनिवारचे प्रेत एकटे जात नाही, असे आमच्या गावात लहान मूलही सांगेल. ते सोबतीला कोणाला तरी बोलावून घेते, म्हणून तिरडीला एक जिवंत कोंबडी बांधतात आणि ती स्मशानात सोडतात. आपल्याकडे पंचकाचे असेच काहीतरी असते असे ऐकले आहे, तेव्हा आपण हसणार नाही ही अपेक्षा. मयताच्या थोरल्या बहीण धनलक्ष्मी अक्का, वय ८२, यांनी स्वतः कोंबडी निवडली. प्रेताभोवती तिला तीन फेऱ्या घातल्या आणि तिच्या कानाशी लागून सांगितले, की तू याच्याबरोबर जा, याला दुसऱ्या कोणाला हाक मारू देऊ नकोस. कोंबडीला कान कुठे असतो यावर तिथे थोडा वाद झाला, पण विधी झाला.
     पुढे अडचण आली. मयत काचेच्या गाडीत होते, आणि गाडीच्या चालकाने कोंबडी आत घ्यायला साफ नकार दिला. नुकत्याच सीट बदलल्या आहेत, म्हणाला. तेव्हा कोंबडी सायकलवरून न्यायचे ठरले. कोणाच्या, हा प्रश्न निघताच जे जे कोंबडी खाणारे होते ते सगळे दोन पावले मागे सरले, कारण त्यांना कोंबडी म्हणजे काय प्रकरण आहे हे माहीत होते. अर्जदारांच्या घरात सात पिढ्यांत अंडेसुद्धा शिरलेले नाही. त्यांनी जन्मात कोंबडीला हात लावलेला नव्हता. ते पुढे झाले आणि म्हणाले, द्या इकडे. दोस्ताचे शेवटचे सामान आहे, असेही म्हणाले. मग त्यांनी पांढऱ्या दोरीने तिचा एकच पाय कॅरियरला बांधला, आणि तोही सैल. घट्ट बांधले तर तिला लागेल, म्हणून. बघणारे सगळे हसले, पण एकानेही पुढे होऊन गाठ आवळली नाही.

५. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी यात्रा सिग्नलपाशी आली. तिथे मयताचे पुतणे व मंडळीतलेच एक, एकोजी यांनी काकांच्या नावाने हजाराची माळ पेटवली. घरच्या वडीलमाणसाला गुपचूप न्यायचे नाही, हा त्यांचा आग्रह. तिसरा फटाका वाजताच कोंबडी उडाली. दोरी कॅरियरला राहिली, कोंबडी राहिली नाही. ती एका बसच्या टपावर गेली, तिथून भाताच्या पोत्यांच्या ट्रॅक्टरवर आली, आणि तिथून आपल्या जीपच्या उघड्या खिडकीतून आपल्या मांडीवर. त्या क्षणी आपल्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते या कागदावर लिहिण्याजोगे नाहीत. परंतु सिग्नलवर उभ्या असलेल्या आमच्या लोकांना ते एका क्षणात कळले. आमचे पूर्वज इकडे येऊन साडेतीनशे वर्षे झाली, भाजीची नावे बदलली, नेसण्याची रीत बदलली, पण ते शब्द जसेच्या तसे आहेत. आपण परभणीकडच्या आहात हे नंतर शिपाई कृष्णवेणी यांनी सांगितले, मात्र आपण आमच्यापैकी आहात हे तेव्हाच ठरले होते.
     पुढचे आपणांस ठाऊक आहे. दोन बस, एक ट्रॅक्टर आणि लग्नाला निघालेली एक व्हॅन अडकली. सतरा सायकली गल्ल्यांत अशा पसार झाल्या, की सैन्यातल्या माणसाने शिकवलेले फुकट गेले नाही. अर्जदारांनी मात्र भर सिग्नलवर सायकल स्टँडला लावली, आपल्या जीपपाशी आले आणि मराठीत म्हणाले, की माफ करा, ती आमची आहे. त्यावर आपण ती, सायकल आणि अर्जदार तिन्ही ठाण्यात आणली. विनापरवाना मिरवणूक, वाहतुकीस अडथळा, चौकात फटाके, आणि पक्ष्यास क्रूरपणे बांधणे. शेवटचा आरोप वाचून दाखवल्यावर अर्जदार पहिल्यांदा रागावले. इतके सैल कोणी क्रूरपणे बांधते का, असे ते घरी येऊन तीन वेळा म्हणाले.

६. त्या दिवशी अर्जदार संध्याकाळी सातपर्यंत ठाण्याच्या बाकावर होते. कोंबडी समोर खोक्यात होती. त्या वेळात तिकडे स्मशानात सतरा जणांनी एकवीस घंट्या वाजवल्या आणि अग्नी दिला गेला. मंडळीत ज्यांचे मयताशी सर्वांत जास्त भांडण होते, तेच तिथे नव्हते. अर्जदार आता ठाण्याच्या बाकावर बसल्यासारखे घरापुढच्या ओट्यावर बसतात.

७. कोंबडीच्या सध्याच्या स्थितीविषयी तक्रार नाही. शिपाई कृष्णवेणी तिला इडली कुस्करून घालतात. तिने दहा दिवसांत आठ अंडी दिली असून ती मुद्देमालात धरायची की नाही यावर रायटर मुरली यांनी वर विचारणा केली आहे, असे समजते. अंड्यांवर अर्जदारांचा कोणताही हक्क नाही व ती घरात येऊ नयेत अशी उलट विनंती आहे. लिहिणारी आजवर चार वेळा ठाण्यात दाणे घेऊन आली. कोंबडी ओळख दाखवत नाही. ती रायटरांच्या टेबलाखाली फायलींच्या गठ्ठ्यावर बसते आणि ठाण्यात नोकरीला असल्यासारखी येणाऱ्याकडे बघते. हे सर्व ठीक आहे. परंतु तिला कोर्टात हजर करण्याची तारीख ९ मार्च आहे, आणि तेराव्याचा दिवस परवा, गुरुवार, दि. १९ आहे. खरी अडचण ही आहे.

८. धनलक्ष्मी अक्कांचे म्हणणे असे, की भावाबरोबर जायला दोघे निघाले होते, एक कोंबडी आणि एक कोंबडी नेणारा. दोघेही पोचले नाहीत. तो बिचारा शनिवारचा निघालेला, वाटेत थांबून मागे वळून बघणार. कोंबडी तर पोलिसांत आहे, तिथे कोण हाक मारायला जातो? राहिला दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. हे त्यांनी सुतकाच्या घरात, भेटायला आलेल्या तीस माणसांसमोर, लिहिणारीच्या तोंडावर सांगितले. वर म्हणाल्या, की तेराव्यापर्यंत ती कोंबडी स्मशानात पोचली तर काही भीती नाही, मी त्याला समजावीन.
     दुसरी कोंबडी न्यावी, असे आपण म्हणाल. मंडळीने सोमवारी नेली. अक्का म्हणाल्या, हिला कोण ओळखतो, हिने माझ्या भावाचे तोंड पाहिलेले नाही. मग नारळ न्यावा असे भटजींनी सुचवले. नारळ नेला. अक्का म्हणाल्या, माझा भाऊ दीड महिना चिखलात कोरड्या पोळीवर काढून आला, त्याच्या सोबतीला नारळ पाठवता? मयताचा फोटो कोंबडीला ठाण्यात नेऊन दाखवावा आणि विधी तिथेच उरकावा, अशी सूचना एकोजींनी केली. ती कोणी मनावर घेतली नाही. एकोजींच्या सूचना सध्या कोणी मनावर घेत नाही.

९. या दहा दिवसांत अर्जदारांच्या बाबतीत पुढील गोष्टी घडल्या आहेत. रविवारी अंघोळीच्या दगडावरून पाय घसरला, बादली धरल्यामुळे वाचले, बादली फुटली. बुधवारी बाजारात टाउन बसचा आरसा खांद्याला घासून गेला. चालक म्हणाला, आजोबा रस्त्याच्या मधून चालत होते. अर्जदार म्हणाले, सायकल असती तर मी कडेने गेलो असतो. शुक्रवारी मागच्या अंगणात नारळ पडला, अर्जदारांपासून दोन हातांवर. हा तोच नारळ नव्हे. शनिवारी, म्हणजे आठव्या दिवशी, सलग चाळीस मिनिटे उचकी लागली. कोण आठवण काढतंय, असे लिहिणारीच्या तोंडून सवयीने निघून गेले, आणि मग कोण ते आठवून तिने घाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

१०. आता खाजगी मजकूर. वर जिथे जिथे भीतीचा उल्लेख आहे तिथे ती अर्जदारांची आहे असा आपला समज झाला असल्यास तो चुकीचा आहे. अर्जदारांना काडीचीही भीती नाही. ते म्हणतात, अमरसिंह मला बोलावून काय करील, ब्रेकवरून भांडायलाच ना? दोन वेळा जेवतात, दुपारी पेपर तोंडावर टाकून झोपतात. झोपले की लिहिणारी नाकाशी बोट धरून बघते. काल जागे झाले आणि म्हणाले, काय झालं, वास येतोय का?
     लिहिणारी शिकलेली बाई आहे. मुलगी रम्या चेन्नईला बँकेत आहे. तिला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, अम्मा, तू सुद्धा? होय, लिहिणारी सुद्धा. शनिवार, दोरी, कोंबडी हे सर्व खोटे आहे हे तिला पूर्ण ठाऊक आहे, आणि गुरुवारपर्यंत ते ठाऊक असण्याचा काहीही उपयोग नाही. एक्केचाळीस वर्षांत या गृहस्थाने तिला एकदाही वेळेवर भाजी आणून दिली नाही, एकदाही सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिले नाही. तरी ती त्यांना एवढ्या सैल दोरीवर सोडायला तयार नाही.
     दुसरेही एक कबूल करायचे आहे. अर्जदारांनी तिला जो अर्ज लिहायला सांगितला तो हा नव्हे. त्यांनी सांगितले ते एवढेच, की चूक झाली, माफी असावी, दंड भरतो, सायकल परत मिळावी. सायकल बावीस वर्षांची आहे व ती नसल्याने ते पाय कापल्यासारखे घरात बसून आहेत, हे लिहिणारीला दिसते. परंतु सायकल आली की ते त्याच दिवशी रस्त्यावर निघतील, एकटे, त्याच वाटेने, शेजारची जागा रिकामी ठेवून. हे तेराव्याच्या आत तिला नको आहे. म्हणून तिने विषयात सायकल घातलीच नाही. समोर बसून त्यांच्याकडून सायकलीचा मजकूर ऐकायचा आणि कागदावर कोंबडी लिहायची, असे सकाळपासून चालले आहे. मघाशी ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, एका सायकलीला इतकी पाने? तिने सांगितले, सरकारी मराठी अशीच असते. शरी, म्हणजे बरं, म्हणाले आणि कॉफी करायला गेले. तेही एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

११. सबब विनंती अशी की,
     (अ) सदरहू कोंबडी जामिनावर, हमीपत्रावर किंवा आपल्या मर्जीस येईल त्या कागदावर गुरुवार, दि. १९ रोजी सकाळी मोकळी करावी. तिला मारण्याचा इरादा नाही. स्मशानातल्या माणसाने तिला पाळण्याचे कबूल केले आहे. ९ मार्चला ती कोर्टात हजर राहील याची हमी सर्व मंडळी सह्यांनिशी देत आहे.
     (ब) सायकल ठाण्यातच ठेवावी. घाई नाही. अर्जदार विचारायला आल्यास त्यांना काहीतरी सांगावे.
     (क) हा अर्ज अर्जदारांना वाचून दाखवू नये.

आपण घरापासून लांब आलेल्या, वयाने आमच्या रम्याएवढ्या. एवढे ऐकून घेतलेत, याबद्दल आधीच ऋणी,

अर्जदारांची सही : (तमिळमध्ये, मजकूर न वाचता केलेली)
अर्ज लिहिणारी : सौ. जयलक्ष्मी
तंजावर, मंगळवार, दि. १७ फेब्रुवारी २०२६

सोबत :
जप्ती पावतीची प्रत.
अंत्ययात्रेपूर्वीचा कोंबडीचा फोटो, हरिणीच्या मोबाइलवरून. मागे उभे असलेले अर्जदार आहेत, हसताना.
सतरा सभासदांचे हमीपत्र. (एकोजींची सही दोनदा आहे, उत्साहामुळे.)

ता.क. सही झाल्यावर पुढील गोष्ट घडली, ती अर्जदारांच्याच सांगण्यावरून जोडत आहे. सही करून पेन खाली ठेवताना त्यांनी विचारले, की कोंबडीचं नीट लिहिलंस ना? ते म्हणाले, सायकल मागायला चार पाने लागत नाहीत हे मला सकाळीच कळले, आणि नसेल लिहिलं तर आता लिही. सायकल राहू दे म्हणावं, कोंबडी द्या. माझी बायको आठ दिवस धड जेवलेली नाही, दाणे घेऊन ठाण्यात जाते आणि स्वतः ताकभातावर उठते, हेही त्या पोलीस बाईंना कळव. मग म्हणाले, तो तिथे एकटाच गेला गं. मी बाकावर बसून राहिलो. ती कोंबडी मीच नेऊन सोडायला पाहिजे.

सबब वरील (अ), (ब) व (क) रद्द समजावेत. त्यांऐवजी गुरुवारी सकाळी सात वाजता ठाणे ते नदीकाठचे स्मशान, एक सायकल, एक कोंबडी आणि दोन माणसे, एवढ्या मिरवणुकीला लेखी परवानगी मिळावी. फटाके नाहीत. सायकल अर्जदार चालवतील, कोंबडी घट्ट धरून मागे लिहिणारी बसेल. एका सायकलवर दोघांनी बसणे गुन्ह्यात मोडत असेल तर तो अवश्य नोंदवावा, पण शुक्रवारी. गुरुवारी आम्ही कामात आहोत.